प्रार्थनेत घेतलेलं नाव

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, त्याला कारण होतं. साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतो. मला आधी सांगावं लागलं असतं की मी काय केलं, आणि तिथेच माझी जीभ अडत होती. आमच्या चर्चच्या मंडळीत कोणी म्हटलं, "दादा, आज तुमची साक्ष होऊ द्या," की मी एखादा जुना आजार, एखादा अपघातातून वाचल्याचा प्रसंग काढून सांगत असे. लोक आमेन म्हणत. घरी जाताना मात्र वाटे, आज पुन्हा चुकवलं. आता वय झालं आहे, बायको गेली, आणि ज्याच्याविषयी सांगायचं तोही गेला. एका निर्दोष माणसाचं नाव माझ्यामुळे खराब झालं. ते कागदावर तरी नीट लिहून ठेवावं म्हणून बसलो आहे.

माझी नोकरी बोलण्याची होती. वसमतच्या बसस्थानकावर मी वाहतूक नियंत्रक होतो. चौकशीच्या खिडकीत बसायचं, समोर माइक, आणि दिवसभर गाड्यांची नावं पुकारायची. माझा आवाज चांगला होता. लोक म्हणत, दादा बोलले की भाजीबाजारातल्या माणसालाही कळतं गाडी लागली. हाच आवाज रविवारी आमच्या छोट्याशा चर्चमध्ये लागे. पाळकसाहेब नांदेडहून यायचे, दर रविवारी त्यांना जमत नसे, तेव्हा उपासना मी चालवत असे. आमच्याकडे पद्धत अशी की प्रार्थनेआधी लोक आपापल्या विनंत्या सांगतात. कोणाचं लेकरू आजारी, कोणाच्या मुलीची परीक्षा, कोणाच्या घरात भांडण. मग प्रार्थना चालवणारा एकेकाचं नाव घेऊन देवापुढे ते ठेवतो. मी ते फार मनापासून करत असे. मला नावं लक्षात राहत, शब्द सुचत, आणि डोळे मिटून बसलेल्या लोकांमधून बायकांचे हुंदके आले की मला वाटे, देव माझ्यातून बोलतो आहे. आज विचार करतो तेव्हा वाटतं, त्यात देव किती होता आणि मला माझाच आवाज ऐकायची किती गोडी होती, हे तोच जाणे.

याकोब आमच्याच डेपोत चालक होता. माझ्याहून बराच लहान, मला दादा म्हणायचा. तरुणपणी तो फार प्यायचा, हे सगळ्यांना माहीत होतं, कारण त्याने स्वतःच साक्षीत सांगितलं होतं. प्रभूकडे आल्यावर त्याने बाटलीला हात लावला नाही. चर्चमध्ये तो ढोलकी वाजवायचा. त्याचा हात असा होता की म्हाताऱ्या बायासुद्धा बसल्या जागी मान डोलवत. उपासना संपली की पोरं त्याच्याभोवती गोळा होत, माझ्याभोवती नाही. हे मी तेव्हा मनाशी कबूल केलं नव्हतं, पण मला ते दिसत होतं.

एका शनिवारी संध्याकाळी गाण्यांचा सराव होता. याकोब उशिरा आला. कोणाशी न बोलता ढोलकी पुढे ओढून बसला. मी त्याच्या बाजूने वही घ्यायला वाकलो तर दारूचा वास आला. स्पष्ट वास. त्याचे डोळे लाल होते, हात थकल्यासारखे पडत होते. दोन गाणी झाल्यावर तो म्हणाला, "दादा, मी जातो आज. बरं न्हाई वाटून राहिलं." मी मान हलवली. एवढंच. तो दारापर्यंत गेला, चपला घातल्या, थोडा थांबला. माझ्याकडे पाहिलं असं मला आजही वाटतं. मी वहीची पानं उलटत होतो.

तेव्हा मी एक साधा प्रश्न विचारला असता तर ही कहाणी इथेच संपली असती. काय रे याकोब, काय झालं, एवढाच. बसस्थानकावर मी अनोळखी माणसालाही दिवसातून किती वेळा विचारायचो, काय हो, कुठं जायचंय. याकोबला मात्र मी विचारलं नाही. मला वाटलं मला कळलंच आहे. घरी जाताना मला दुःख झालं होतं, ते खोटं नव्हतं. पण त्या दुःखाच्या तळाशी एक समाधानही होतं, आणि त्याला काय नाव द्यावं हे मला आज चांगलं कळतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी पाळकसाहेब आले नव्हते. विनंत्या झाल्या. मी डोळे मिटले आणि सगळ्यांची नावं घेत घेत शेवटी म्हणालो, "प्रभू, तुझ्या एका लेकराला तू खोल खड्ड्यातून काढलं होतंस. त्याच्या हातात रोज कितीतरी लोकांचे जीव असतात. तो पुन्हा त्याच खड्ड्याकडे निघाला आहे. आमच्या याकोबला धरून ठेव, प्रभू." माझा आवाज भरून आला होता. बायकांच्या बाजूने कोणीतरी रडलं. मग सगळे आमेन म्हणाले. माझ्या डाव्या हाताला, ढोलकीवर हात ठेवून बसलेला याकोबही आमेन म्हणाला. ते आमेन मी ऐकलं.

कोणाची निंदा केली असती तर कोणीतरी मला अडवलं असतं. आमच्यात निंदेला पाप म्हणतात आणि त्याबद्दल उपदेशही होतात. पण प्रार्थनेला कोण अडवणार? याकोबने तरी उठून काय म्हणायचं होतं, माझ्यासाठी प्रार्थना करू नका? माझे शब्द देवाकडे तोंड करून निघाले आणि चर्चच्या दारातून गावात गेले. आठवड्याच्या आत ते डेपोत पोहोचले. गाडी काढायच्या आधी त्याला दारू तपासायच्या यंत्रात फुंकायला लावू लागले. काही निघालं नाही, कधीच निघालं नाही, पण रोज फुंकावं लागणाऱ्या माणसाकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. एक कंडक्टर माझ्या खिडकीसमोरच त्याला म्हणाला, "काय याकोबराव, तीर्थ घेऊन आलात की घ्यायला चाललात?" सगळे हसले. याकोबही थोडा हसला आणि केबिनमध्ये चढला. मी माइक हातात घेऊन पुढची गाडी पुकारली.

त्याच सुमारास त्याच्या मुलीचं, करुणाचं, लग्न जमत आलं होतं. मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातला, घर मोठं भाविक. त्या लोकांनी पाळकसाहेबांमार्फत माझ्याकडे चौकशी केली. मुलीचा बाप कसा आहे? मी वाईट बोललो नाही. मी म्हणालो, "माणूस चांगला आहे. त्या घरासाठी प्रार्थनेची गरज आहे, एवढंच म्हणेन." आमच्या लोकांत या वाक्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बोलणी थांबली. करुणा पुढे नर्सिंग शिकली, नांदेडला नोकरीला लागली, लग्न तिने केलंच नाही. तिच्या आयुष्याचं बरंवाईट मी ठरवणार नाही, तो हक्क मला नाही. पण ती बोलणी माझ्या तोंडून मोडली. याकोब हळूहळू चर्चमध्ये यायचा बंद झाला. पुढे नोकरी मुदतीआधी सोडून तो बायकोच्या गावाकडे, आखाडा बाळापूरजवळ, सासऱ्यांची थोडी शेती बघायला निघून गेला. ढोलकी चर्चमध्येच राहिली. ती वाजवणारं नंतर कोणी आलं नाही.

तो गेल्यावर कधीतरी एक माणूस माझ्या खिडकीशी आला. बाळापूरची गाडी किती वाजता, असं विचारून तो तिथेच उभा राहिला. तोंडाला वास होता, पण शुद्धीत होता.

"तुमीच ना ते चर्चात बोलणारे?"

"व्हय."

"मी याकोबचा थोरला भाऊ. तुमी त्याला दारुडा केलं म्हणे." आवाज चढवून नाही, गाडीची वेळ विचारावी तसं तो बोलला. "पिणारा मी हाय, साहेब. तो न्हाई. त्या शनवारी मी नालीत पडलो होतो. मला पाठीवर घेऊन घरी गेला तो. त्याच्या सदऱ्यावर उलटी केली मी. सदरा धुवायला वेळ न्हाई म्हणून वरून पाणी मारलं अन् तसाच पळाला तुमच्या गाण्याला."

मी विचारलं, "मग तो बोलला का नाही?"

"मीच मायची शपथ घातली होती. माझ्या पोरीचं जमून राहिलं होतं तवा. बाप नालीत पडतो म्हणून कळलं असतं तर कोण करतंय?" मग तो म्हणाला, "माझ्या पोरीचं झालं. त्याच्या पोरीचं मोडलं." आणि गाडी लागली तसा निघून गेला.

त्या दिवसापासून मला सगळं माहीत होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण कोणाला वाटेल की मी अजाणता चूक केली आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. उशीर झाला नव्हता. याकोब तासा-दीड तासाच्या अंतरावर होता. मला रविवारी उभं राहून दोन वाक्यं बोलायची होती आणि एक गाडी पकडायची होती. दोन्हीतलं काहीच मी केलं नाही. प्रभुभोजनाच्या आधी आमच्यात सांगतात, ज्याचं कोणाशी वाकडं असेल त्याने आधी जाऊन ते मिटवावं. मी डोळे मिटून म्हणायचो, माझं कोणाशी वाकडं नाही. आणि भाकर घ्यायचो.

निवृत्तीनंतर आम्ही हिंगोलीला मुलाकडे राहायला गेलो. तिथे बायकोला पोटाचा आजार निघाला. उपचार नांदेडला. महिन्यातून काही वेळा जावं लागे, आणि हिंगोलीहून नांदेडला जायचं म्हणजे बाळापूर वाटेतच. गाडी बाळापूरच्या जवळ आली की मी डोळे मिटून घेत असे. प्रार्थना करतो आहे असं वाटावं म्हणून ओठही हलवत असे. बाळापूर मागे पडून पुढचा वारंगा फाटा आला की उघडत असे.

एका परतीच्या वेळी आमची गाडी वारंगा फाट्यावर बंद पडली. दुपारचं ऊन होतं. मागून येणाऱ्या गाड्या भरलेल्या होत्या, आणि बायकोला उभं राहणं शक्य नव्हतं. त्या दिवशीच्या उपचाराने ती अगदी गळून गेली होती. दोन-तीन दिवस तिच्या पोटात अन्न टिकलं नव्हतं. एका दुकानाच्या पत्र्याच्या सावलीत मी तिला बाकावर टेकवलं आणि उभा राहिलो. मुलगा बाहेरगावी होता, त्याचा फोन लागत नव्हता. मी प्रार्थना करू लागलो आणि माझ्या लक्षात आलं की मला शब्द सुचत नाहीत. आयुष्यभर ज्याला शब्द कधी कमी पडले नाहीत, त्या माझ्या तोंडात "प्रभू" याच्यापुढे काही येईना.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई येऊन बसली. माझ्या बायकोच्याच वयाची, खात्यापित्या शेतकरी घरातली दिसत होती. लेकीकडून परत निघाली होती, तिचा मुलगा तिला न्यायला गाडी घेऊन येणार होता. तिने बायकोकडे एकदा पाहिलं आणि सरळ विचारलं, "माय, जेवल्या का तुमी?"

बायकोने मान हलवली, नाही.

"मंग असं कसं? घ्या." तिने गाठोडं सोडलं. लेकीने बांधून दिलेली ज्वारीची भाकर आणि दह्याचा डबा. मी मध्ये म्हणालो, "त्यांना चालत नाही हो, पोटात राहत नाही." तर ती म्हणाली, "दादा, तुमी जरा सावलीत व्हा. बायांचं बायांना कळतं." आणि दह्यात भाकर कुस्करता कुस्करता ती बोलत राहिली. जावयाला शेव लागते म्हणून लेकही शेव खायला लागली. नातवाने मांजराला दप्तरात घालून शाळेत नेलं. सून चांगली आहे पण चहा पातळ करते. त्यात देवाधर्माचं काही नव्हतं, धीर देणारंही काही नव्हतं. मी बघत होतो आणि बायको घास घेत होती. एक, मग दुसरा. अर्धी भाकर तिने खाल्ली आणि ती पोटात राहिली.

मग माझी बायको त्या बाईला म्हणाली, "यांचं एक बघा. बाळापूर आलं की यांना बराबर झोप लागती."

"काहून हो दादा? सासुरवाडी हाय का तिथं?"

"सासुरवाडी असती तर जागे राह्यले असते," बायको म्हणाली आणि हसली. किती महिन्यांनी तिला हसताना पाहिलं. त्या हसण्यात काय झालं कोण जाणे, मी रस्त्याच्या कडेला, एका अनोळखी बाईसमोर आणि माझ्या बायकोसमोर, सगळं सांगून टाकलं. सराव, वास, प्रार्थना, करुणाचं मोडलेलं लग्न, भावाने खिडकीशी येऊन सांगितलेलं. बायको हे पहिल्यांदाच ऐकत होती.

त्या बाईने रिकामा डबा गाठोड्यात बांधला. मग म्हणाली, "मंग जा की. बोलायला काय बैल जुपायचेत?"

तिचा मुलगा गाडी घेऊन आला. तिचं गाव बाळापूरच्या अलीकडेच होतं, पण ती मुलाला म्हणाली, या मायला घरापर्यंत सोडायचं, मग आपण. त्याने हिंगोलीचा रस्ता धरला. बाळापूरच्या चौकात तिने गाडी थांबवायला लावली आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "उतरता का? आमी बसतो मायजवळ." मी म्हणालो, "आज नको. हिला तकलीफ होईल." बायको खिडकीबाहेर बघत होती. गाडी पुढे निघाल्यावर ती हळूच म्हणाली, "दर रविवारी तुमी सगळ्यांसाठी बोलायचे. त्याच्याशी तेवढं बोलले न्हाई." तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मी त्याला चमत्कार म्हणत नाही. फाट्यावर गाड्या बंद पडतात आणि बाया एकमेकींना भाकर देतात. पण मी ज्या वेळी एक शब्दही मागू शकलो नाही, त्याच वेळी ती बाई येऊन बसली. माझ्या बायकोला घास मिळाला आणि मला रस्ता दाखवला गेला, आणि दोन्ही कामं अगदी रोजच्या बोलण्याने झाली. मी तिचं नावही विचारलं नाही. बायको त्यानंतर फार दिवस राहिली नाही. शेवटच्या आजारपणात ती त्या मांजराची गोष्ट आठवून दोनदा तरी हसली.

तिला मूठमाती दिल्यानंतर काही आठवड्यांनी मी बाळापूरला गेलो. काय बोलायचं ते वाक्यावाक्याने ठरवून गेलो होतो. याकोबच्या अंगणात हळद शिजत होती. वाफेत तो दिसेना, मग काठी टाकून पुढे आला. केस पिकलेले, हात कोपरापर्यंत पिवळे.

"दादा, सलाम. या, या. वहिनी गेल्याचं कळलं. यायला निघालो होतो, पण ही हळद शिजायला घातली अन् अडकलो. पाणी घ्या आधी. जेवला का?"

मी म्हणालो, जेवलो. तो म्हणाला, "खोटं. सकाळच्या गाडीनं आलाव तुमी, कवा जेवले?" आणि त्याने बायकोला ताट वाढायला सांगितलं. तो हळदीबद्दल बोलत राहिला, यंदा कशी आली, उकळताना किती जपावं लागतं. मी हो हो म्हणत होतो. ताटं आली. तो मांडी घालून बसला, हात जोडले आणि म्हणाला, "दादा, प्रार्थना तुमी करा. तुमचा आवाज लई दिसानं कानावर पडंल."

माझ्यापुढे याहून सोपी जागा देवाने कधी ठेवली नसेल. डोळे मिटलेले, समोर तो आणि त्याची बायको, आणि बोलायची पाळी माझी. मी म्हणालो, "प्रभू, या अन्नासाठी आणि या घरासाठी तुझे आभार मानतो. आमेन." याकोब आमेन म्हणाला आणि मला आग्रहाने वाढू लागला.

निघताना तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. घरच्या हळदीची पुडी हातात दिली. गाडी दिसली तेव्हा त्याने विचारलं, "दादा, काही बोलायचं होतं का?"

"न्हाई रे," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

पुढे काही महिन्यांनी मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विनंती आली. याकोबभाऊ दवाखान्यात आहेत, प्रार्थना करावी. आता विनंत्या अशाच येतात. खाली एकामागून एक जोडलेले हात उमटत होते. मीही एक उमटवला. सोमवारी जाईन असं ठरवलं. रविवारीच तो गेल्याचं कळलं.

मातीला मी गेलो. सगळे पांगल्यावर करुणा माझ्याजवळ आली. केस तिचेही पिकू लागले आहेत. मी तिला म्हणालो, बाई, मला तुझ्या वडिलांना काही सांगायचं होतं. आणि जे त्याच्यापुढे जमलं नाही ते तिच्यापुढे सांगितलं, लग्नाच्या चौकशीसकट. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबांना ठाऊक होतं, काका. तुमी आला होता त्या दिवशी तुमी गेल्यावर म्हणाले, दादा लई मोठं ओझं घेऊन आले होते. तसंच घेऊन गेले बिचारे." पुढे ती म्हणाली, "मला मात्र ठाऊक नव्हतं. माझं लग्न कशानं मोडलं ते मला आज कळलं." तिने मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी तिच्याकडे ते मागितलंही नाही. रस्ता ओलांडताना तिने माझा हात धरला होता. बस येईपर्यंत ती माझ्याजवळ उभी राहिली.

पुढच्या रविवारी मी वसमतला गेलो आणि विनंत्यांच्या वेळी उभा राहिलो. म्हणालो, याकोब त्या दिवशी प्यायलेला नव्हता, मी खोटं बोललो, आणि तेही देवाचं नाव घेऊन. समोर बसलेल्यांतल्या अर्ध्यांना याकोब कोण हेच माहीत नव्हतं. जुन्यांपैकी एक म्हातारी बाई तेवढी रडली. ढोलकी कोपऱ्यात होती का ते मी पाहिलं नाही.

मला आता मोठी प्रार्थना जमत नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही. पूर्वी मला वाटायचं, देवाला शरण जाणं म्हणजे त्याच्यापुढे भरल्या आवाजात बोलणं. आता वाटतं, आपली शोभा राहावी ही इच्छा त्याच्या हातात सोपवून शेजारच्या माणसाकडे वळणं, हे त्याहून जड आहे आणि देव बहुधा तेच मागतो. कोणाचं नाव प्रार्थनेत घेण्याआधी मी त्याच्या घरी जातो, फोन करतो, कसा आहेस विचारतो. पुष्कळदा मग प्रार्थनेत सांगण्यासारखं काही उरतच नाही. त्या फाट्यावरच्या बाईसाठी, माझ्या बायकोच्या त्या अर्ध्या भाकरीसाठी, आणि ज्याचं मी वाईट केलं त्याने मला आपल्या ताटाशी बसवलं त्यासाठी मी रोज आभार मानतो. याकोबने मला ओळखलं होतं, हे कळून हलकं वाटायला हवं. थोडं वाटतंही. पण तो ते ऐकायला थांबला होता, आणि मी बोललो नाही.

बाळापूरला जाताना बसमध्ये मी जे मनाशी म्हणत गेलो होतो, ते असं होतं.

याकोब, त्या शनिवारी तू प्यायला नव्हतास. मला वास आला आणि मी तुला काही विचारलं नाही. मला तुझा हेवा वाटत होता, म्हणून मला ते खरं वाटायला हवं होतं. मी चारचौघांत तुझं नाव घेतलं आणि त्याला प्रार्थना म्हटलं. करुणाचं लग्न माझ्या शब्दाने मोडलं. तुझ्या भावाने मला सगळं सांगितलं होतं, तरी मी गप्प बसलो. तू खरा होतास, मी खोटा होतो. मला क्षमा कर, भाऊ.